आधी पाने कुरतडू द्यावीत: विदर्भातील परसबाग आणि तिथे येणारे जीव

वर्धा जिल्ह्यातील एका गावातून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागे सहा गुंठे मोकळी जागा आहे, जमीन काळी व भारी आहे, विहिरीचे पाणी एप्रिलपर्यंत पुरते, जागेत एक जुना कडुनिंब, लिंबाची दोन झाडे आणि कुंपणाशी बोराटी आहे, आणि बाकी सगळे पावसाळ्यात माजणारे तण. या जागेत पक्षी, फुलपाखरे, बेडूक, खारी यांचा वावर वाढावा यासाठी रोपवाटिकेतून कोणती रोपे आणावीत, उन्हाळ्यात पाण्याची सोय कशी करावी, आणि सापांची व वानरांची आपल्या आईंना जी भीती वाटते तिचे काय करावे, असे आपण विचारले आहे. गेली बावीस वर्षे मी याच मातीत स्वतःची परसबाग राखत आलो आहे आणि आसपासच्या गावांतील बऱ्याच घरांच्या बागा लावून दिल्या आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

सुरुवात रोपांच्या यादीपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक लोक फुलांचा विचार आधी करतात, कारण फुलावर बसलेले फुलपाखरू डोळ्यांना दिसते. पण ते फुलपाखरू ज्या अळीपासून झाले ती अळी कोठे वाढली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. फुलातला मध अनेक झाडांवर मिळतो, अळीला मात्र ठरावीक झाडाचाच पाला लागतो. पक्ष्यांचेही तसेच आहे. चिमणी दाणे टिपते हे आपण लहानपणापासून पाहतो, पण घरट्यातल्या पिलांना ती पहिले काही दिवस मुख्यतः अळ्या आणि मऊ किडेच भरवते. सुगरण हा दाणे खाणारा पक्षीही पिलांसाठी कीटक शोधतो. म्हणजे ज्या बागेत पानावर अळी नाही त्या बागेत पक्षी पाणी प्यायला येतील, कदाचित दाणे टिपतील, पण पिले वाढवायला जागा दुसरीकडेच शोधतील. म्हणून बाग पाहायला मी कोणाकडे गेलो की आधी पाने उलटून पाहतो, आणि त्यांना भोके पडलेली दिसली की मला समाधान वाटते.

आपल्याकडे लिंबाची दोन झाडे आहेत, तेव्हा निरीक्षणाची सुरुवात तेथूनच करावी. पाऊस सुरू होऊन कोवळी पालवी फुटली की एखाद्या सकाळी शेंड्याची पाने जवळून पाहावीत. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, फिकट पिवळसर, गोल अंडे एकेका पानावर सुटे चिकटलेले सापडेल. त्यातून निघणारी अळी काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा असलेली असते, आणि पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच वाटते. या सोंगामुळेच ती पक्ष्यांच्या नजरेतून निसटते. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगे बाहेर येतात आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास सुटतो. काटोल, वरुड, मोर्शी या संत्र्याच्या पट्ट्यात हीच अळी कीड म्हणून ओळखली जाते, आणि नव्याने लावलेली लहान कलमे ती खरोखर बोडकी करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परसातल्या मोठ्या लिंबाला दहा-वीस अळ्यांनी काहीही होत नाही. लहान रोपावर आढळल्या तर त्या डहाळीसह उचलून मोठ्या झाडावर किंवा बेलावर सोडाव्यात. बेलाची पानेही त्या खातात. त्यातल्या किती जगतात ते मी एका पावसाळ्यात रोज मोजले होते. एकोणीस अळ्यांपैकी कोष झाले दोन. बाकीच्या गांधीलमाश्यांनी, कोळ्यांनी, शिंपी पक्ष्यांनी आणि एका सरड्याने नेल्या. त्या सतरा अळ्या वाया गेल्या असे मी म्हणणार नाही, कारण त्याच पावसाळ्यात शिंपिणीने लिंबाशेजारच्या रुंद पानाच्या झाडावर दोन पाने शिवून, आत पराटीचा कापूस घालून घरटे केले होते आणि तिची तीन पिले त्या अळ्यांवरच पोसली गेली.

असे पाला पुरवणारे बहुतेक झाड-झुडूप आपल्याकडे आधीच असते आणि आपण ते उपटून टाकतो. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, रुई हे त्यातले पहिले. तिच्या पानांवर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी वाढते, रुईच्या चिकातले विष अंगात साठवते, आणि त्यामुळे तिचे केशरी फुलपाखरूही पक्षी सहसा खात नाहीत. पावसाळ्यात उगवणारा तरोटा आपण कोवळा असताना भाजीला खुडतो, उरलेला कापून टाकतो. त्यातला चार हातांचा तुकडा राखला तर श्रावणात लहान पिवळ्या फुलपाखरांची तेथे गर्दी होते. गोडनिंबावर काळ्या रंगाचे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेले मोठे फुलपाखरू अंडी घालते, आणि त्याच जातीच्या काही माद्या दुसऱ्याच एका विषारी फुलपाखराचे रंग घेऊन फिरतात. एरंडी, आंबा, बहावा, आपटा या प्रत्येकाचे आपापले पाहुणे आहेत. आंब्याच्या पानावर मध्यशिरेला समांतर पडून राहणारी, दोन्ही बाजूंना हिरव्या पिसांसारखे काटे असलेली अळी शोधायला मला पहिल्यांदा जवळजवळ एक तास लागला होता, आणि ती सापडली तेव्हा ती माझ्या नाकासमोरच्या पानावर होती.

आता फुलांविषयी. वाडीत आपण जे पेरतो त्यातला थोडा भाग फुलावर येऊ द्यावा, एवढे केले तरी विकतच्या फुलझाडांची फारशी गरज राहत नाही. सांबार (कोथिंबीर), मेथी, मुळा, बडीशेप यांचा एखादा वाफा न खुडता सोडला तर जानेवारीत त्यावर दिवसभर गुणगुण असते. सांबाराच्या पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांवर जी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी थांबल्यासारखी दिसणारी माशी येते ती मधमाशी नव्हे, सिरफिड माशी होय. तिची अळी मावा खाते. चवळीवर, वालावर, शेजारच्या पराटीवर मावा पडला की ढालकिडे आणि या माशीच्या अळ्या दहा-पंधरा दिवसांत त्याचा फडशा पाडतात, मात्र तेवढे दिवस आपल्याला धीर धरावा लागतो. तुळस मंजिरीवर आली की लगेच खुडून टाकण्याची पद्धत आहे. दोन-तीन तुळशी तरी मंजिऱ्यांसह ठेवाव्यात, फुलोरी माश्या त्यांना सोडत नाहीत. अडुळसा आणि कोरांटी हिवाळ्यात फुलतात, शेवगा आणि हादग्याची फुलेही पाने-शेंगांसाठी लावलेल्या झाडांवर आपोआप मिळतात, आणि या सगळ्यांवर शिंजीर येतो. त्याचा नर विणीच्या काळात उन्हात काळा-निळा-जांभळा चमकतो आणि मादी साधी पिवळसर असते. दोडक्याची फुले दिवस कलताना उमलतात आणि दुधी भोपळ्याची पांढरी फुले रात्री. त्यांच्यावर काळोखात पतंग येतात, म्हणून वाडीकडे तोंड करून रात्रभर प्रखर दिवा लावू नये. झेंडू लावताना भरगच्च पाकळ्यांच्या संकरित जातीपेक्षा साधा गावरान, मधले केसर उघडे दिसणारा लावावा, कारण भरगच्च फुलात किडीची सोंड मधापर्यंत पोचतच नाही.

मोठ्या झाडांच्या बाबतीत सहा गुंठ्यांचा हिशेब कठोरपणे करावा. कडुनिंब आहेच, त्याच्या फांद्यांवर गुळवेल चढली असेल तर ती तोडू नये, तिची लाल फळे बुलबुल खातात, आणि जून-जुलैत निंबोळ्या पिकल्या की कोकिळा, साळुंक्या, रात्री वटवाघळे येतात. त्याखेरीज आणखी दोनच मोठी झाडे लावावीत असे मी सुचवेन. पहिले उंबर. उंबराला वर्षातून अनेकदा फळे धरतात, त्यामुळे रानात दुसरे काही पिकलेले नसते तेव्हाही तांबट, हरियाल, बुलबुल, खारी यांना ते उपाशी राहू देत नाही. उंबर, वड, पिंपळ यांतल्या प्रत्येकाची परागीभवन करणारी इवलीशी माशी वेगळी असते. ती माशी फळाच्या आत शिरते तेव्हाच बी धरते. म्हणून गावात एकच उंबर असण्यापेक्षा चार घरी चार उंबर असणे केव्हाही चांगले. मात्र उंबराची मुळे भिंतीत आणि विहिरीच्या बांधकामात शिरतात, तेव्हा त्याला दोन्हींपासून किमान चाळीस फूट लांब ठेवावे. दुसरे झाड पळस. पळस वाढायला फार वेळ लावतो आणि पहिली काही वर्षे नुसते खोडच दिसते, म्हणून लोक त्याला कंटाळतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर ती फुले उमलली की शिंजीर, सातभाई, कोतवाल, बुलबुल आणि हिवाळ्यासाठी आपल्याकडे आलेले भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात. भोरडीला पळसमैना हे दुसरे नाव उगाच मिळालेले नाही. कुंपणाची बोराटी अजिबात काढू नये. तिची बोरे हिवाळाभर पाखरांना आणि पोरांना पुरतात, आणि काट्यांमुळे मांजर आत शिरत नसल्याने लहान पक्षी तेथे निर्धास्त घरटे करतात. तिच्या जोडीला निरगुडी लावली तर दाट, जिवंत कुंपण तयार होते.

काही झाडे मी मुद्दाम टाळायला सांगतो. गुलमोहर मादागास्करहून आलेला आहे. तो सुंदर दिसतो, सावली देतो, पण त्याचा पाला खाणारे आपल्याकडचे कीटक फार थोडे. सुबाभूळ एकदा लावली की तिचे बी आवरत नाही. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, तिच्यावर फुलपाखरे बसतात आणि पक्षी तिची फळे खातात हे खरे आहे. याच कारणाने लोक ती राखतात आणि याच कारणाने ती पाखरांच्या विष्ठेतून जंगलात पसरून खालचे गवत व रोपटी मारते, म्हणून ती मुळासकट काढावी. गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. बाकीच्या तणाला मात्र सरसकट शत्रू समजू नये.

थांबवायच्या गोष्टींत फवारणी सर्वांत पहिली येते. आपल्या भागात कापूस, तूर, सोयाबीन यांवर जी औषधे मारली जातात त्यांनी माणसांचे काय होते हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात आपण पाहिले आहे. शेतकरी आणि शेतमजूर त्या विषबाधेने दगावले. मग बोटभर अळीची आणि तिला खाणाऱ्या पाखराची काय कथा? मी स्वतः सुरुवातीच्या काळात, बाग लावून तिसऱ्या वर्षी, भेंडीवरच्या अळीसाठी शेतातले उरलेले औषध पंपात घालून वाडीत फवारले होते. चौथ्या दिवशी वांग्याच्या रोपाखाली शिंपी पक्ष्याची दोन पिले मरून पडलेली आढळली आणि घरटे रिकामे होते. ती कशाने मेली हे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु त्या दिवसापासून माझ्या वाडीत पंप आलेला नाही. फारच किडी झाल्या तर हाताने वेचाव्यात, पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फक्त त्या झाडावर मारावा, आणि तोही फुलोऱ्यावर मारू नये, कारण तो वनस्पतिजन्य असला तरी निवड करत नाही. शेजारच्या शेतातून वाऱ्याबरोबर येणारे औषध आपल्या हातात नसते. त्या बाजूला तुरीच्या किंवा ज्वारीच्या दोन दाट ओळी, अथवा उंच निरगुडी असली तर बरेच अडते, आणि फवारणीच्या दिवशी पाण्याची भांडी झाकून ठेवावीत. औषध चोळलेले बियाणे पेरताना सांडले तर ते वेचून पुरावे, मोर आणि तितर ते खातात. उंदरांसाठी विषारी गोळ्या ठेवू नयेत, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जातो, आणि रात्रीत अनेक उंदीर मारणारे गव्हाणी घुबड गमावणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडत नाही.

दुसरी थांबवायची गोष्ट म्हणजे काडीकचरा पेटवणे. उन्हाळवाही करताना वाडी झाडून, पाला गोळा करून आग लावली की जागा स्वच्छ दिसते, पण त्या पाल्यात सापसुरळी, गोम, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि मातीत दडून पावसाची वाट पाहणारे बेडूक असतात. तोच पाला झाडांच्या बुंध्याभोवती चार बोटे जाड पसरावा. काळी जमीन मार्चनंतर हात जाईल एवढी भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. पाल्याखाली ती तितकी फाटत नाही, आणि सातभाई दिवसभर तो पाला उलटापालटा करत बसतात. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची एखादी फांदी वाळली आणि ती कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर तशीच ठेवावी. त्या मऊ लाकडात तांबट गोल भोक कोरून घरटे करतो, पुढच्या वर्षी कधी साळुंकी ते बळकावते, आणि काळा भुंगाही वाळल्या लाकडातच बीळ पाडतो. आपल्या भोपळ्यांना आणि शेवग्याला त्या भुंग्याची मदत होते.

चिमण्यांविषयी वेगळे सांगावे लागेल. कवेलूची घरे गेली आणि स्लॅब आली, तशी त्यांची वाशांमधली जागा गेली. जुन्या घराचा एखादा गोठा किंवा छपरी कवेलूची राहिली असेल तर ती मोडू नये. नाहीतर लाकडी खोके आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचे पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशा भिंतीवर, पंख्यापासून दूर लावावे. त्याचे भोक सव्वा इंचाचे असावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. दर वर्षी वीण संपल्यावर आतले जुने गवत काढून टाकावे. भिंतीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते ते पाडण्याची घाई करू नये. ती आपल्या पिलांसाठी त्यात अळ्या साठवते आणि तिला छेडले नाही तर ती सहसा चावत नाही.

पाणी हा आपला दुसरा प्रश्न, आणि विदर्भात तो सर्वांत निकडीचा आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा येथे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, ओढे कोरडे पडतात आणि दुपारी तीन वाजता चोच उघडी टाकून धापा टाकणारा कावळाही दयनीय दिसतो. त्या दिवसांत मातीचे पसरट परळ हे सर्वांत उत्तम भांडे. ते दोन इंचांपेक्षा खोल नसावे, त्यात मध्ये एक खडबडीत दगड पाण्याच्या वर डोके काढील असा ठेवावा, म्हणजे मधमाशी आणि लहान पाखरू बुडत नाही. ते झाडाच्या सावलीत, पण दाट झुडपापासून पाच-सहा फूट लांब असावे, कारण झुडपात मांजर दबा धरून बसते. रोज सकाळी जुने पाणी झाडाला ओतून, परळ नारळाच्या शेंडीने घासून नवे पाणी भरावे. घाण पाण्याने पाखरांमध्ये रोग पसरतात, आणि रोज पाणी बदलल्याने डासांची अळी वाढत नाही. एक परळ जमिनीवर आणि एक फांदीला टांगलेले, अशी दोन ठेवावीत. जमिनीवरच्यावर खारी, मुंगूस, सरडे येतात. न्हाणीचे पाणी जेथे मुरते तेथे हातभर जागा ओली, चिखलाची राहू द्यावी. उन्हाळ्यात फुलपाखरे तेथे बसून ओल्या मातीतले क्षार शोषतात आणि गांधीलमाश्या व कुंभारणी घरासाठी माती नेतात.

सिमेंटचा हौद किंवा गुरांची नांद असेल तर त्यात एक लाकडी फळी किंवा खडबडीत काठी काठापासून तळापर्यंत तिरपी टेकवून ठेवलीच पाहिजे. माझ्या हौदात एका एप्रिलमध्ये खार पडून मेली. गुळगुळीत भिंतींवर तिच्या नखांचे ओरखडे होते. ते मी आजही विसरलो नाही.

जमले तर सहा फूट लांब, चार फूट रुंद असे लहान डबके करावे. सगळ्यात खोल भाग दीड फूट, आणि एक बाजू हळूहळू वर येणारी ठेवावी. काळ्या मातीत पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही, म्हणून शेततळ्यासाठी मिळणाऱ्या ५०० मायक्रॉनच्या कागदाचा तुकडा अंथरून त्यावर माती आणि गोटे टाकावेत, काठाला लव्हाळा लावावा. बेडूक बाहेरून आणू नयेत. पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर ते आपोआप येतात आणि त्यांचा आवाज झोप मोडील इतका असतो. डबक्यात मासे सोडू नयेत, कारण गप्पी मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची लहान पिलेही खातात. चतुराची अळी पाण्यात राहून डासांच्या अळ्या खाते, ती एका पावसाळ्यात तयार होते. तोवर घराभोवतीचे टायर, डबे, कुंड्यांखालच्या ताटल्या यांतले साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे, कारण डेंग्यूचा डास प्रामुख्याने तशा भांड्यांत वाढतो. घरात लहान मूल येणार असेल तर डबक्याभोवती कुंपण हवे.

आता आईंच्या भीतीविषयी. ही भीती निराधार नाही, आणि बाग करणाऱ्याने ती कधीही हसण्यावारी नेऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्याकडे माणसांचे बळी घेतात. परंतु साप फुलांसाठी येत नाही. तो उंदरांसाठी, बेडकांसाठी आणि लपायच्या जागेसाठी येतो. म्हणून बाग आणि घर यांमध्ये पंधरा-वीस फूट जागा उघडी, झाडून ठेवलेली, रात्री दिसेल अशी राखावी. तुराट्या, सरपण, कुटाराचे ढीग, विटा यांची रास भिंतीला लागून कधीही नसावी. सरपण जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर ठेवावे. धान्याची कोठी उंदरांना शिरता येणार नाही अशी बंद करावी, भिंतीतली बिळे बुजवावीत. पाल्याचे ढीग, डबके, दाट झुडपे हे सारे त्या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे असावे. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याचा दंश कधी कधी जाणवतही नाही. म्हणून पावसाळ्यात आईंनी खाटेवर, चारही बाजूंनी खोचलेल्या मच्छरदाणीत झोपावे. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि बूट हवेतच. धामण दिसली तर तिला जाऊ द्यावे. ती बिनविषारी आहे आणि उंदरांवर जगते. कवड्या हा बिनविषारी साप मण्यारासारखा दिसतो, तेव्हा ओळख पटवण्याच्या भानगडीत न पडता कोणत्याही सापापासून लांब राहावे आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत एक मिनिटही घालवू नये. माणसाला धीर देऊन, दंशाचा अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविष लस सरकारी रुग्णालयात दिली जाते.

वानरांना एकदाही पोळी-केळी घालू नये, एवढाच खरा उपाय आहे. एकदा हातून मिळाले की टोळी रोज येते. वांगी, टमाटे त्यांना आवडतात. ती घराजवळ लावावीत, आणि हळद, आले, अडुळसा, कोरफड यांसारखे त्यांना न रुचणारे दूरच्या बाजूला. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी बोराटीचे कुंपण दाट असले की पुरते. विजेचा प्रवाह सोडलेली तार मात्र कोणत्याही परिस्थितीत लावू नये. तिने माणसे आणि वाघ दोन्ही मरतात आणि तो गुन्हा आहे.

आपले गाव मोकळ्या शेतीच्या भागात आहे म्हणून मी दाट झुडपे सुचवली. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया या जिल्ह्यांत जंगलाला लागून घर असेल, विशेषतः ताडोब्याभोवतीच्या गावांत, तर हीच मांडणी मी सांगणार नाही. तेथे घरामागची झाडी कंबरेइतक्या उंचीखाली विरळ ठेवून पलीकडचे दिसले पाहिजे, कोंबड्या-शेळ्या रात्री बंद गोठ्यात असाव्यात, मांसाचा कचरा बाहेर टाकू नये, आणि पहाटे शौचाला जाण्याची वाट उजेडाची असावी. बिबट्याला लपायला जागा देणारी बाग कोणाच्याही हिताची नाही. पक्ष्यांसाठी तेथे उंच झाडे आणि परळच पुरेत.

जखमी पाखरू किंवा घरट्यातून पडलेले पिलू सापडले तर ते पाळायला घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे पोपटासारखे पक्षी पिंजऱ्यात ठेवणेही बेकायदेशीर आहे. पिसे फुटलेले पिलू जमिनीवर बसलेले असेल तर आईबाप जवळच असतात, त्याला उचलून फांदीवर ठेवले तरी पुरते. खरेच जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

रोपवाटिकेतून पहिल्या वर्षी आणायचे ते उंबर, बेल आणि गोडनिंब, एवढेच. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत उंबर व बेल सहसा मिळतात. खड्डे मे महिन्यातच दोन फूट लांब-रुंद-खोल खणून उन्हात तापू द्यावेत, आणि मृगाचा पहिला शिडकावा पाहून घाई न करता, माती वीतभर खोल भिजल्यावर लागवड करावी. भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून बुंध्याभोवती आळे न करता मातीचा लहान उंचवटा करावा आणि पाणी निघून जायला एका बाजूने चर द्यावा. पळस रोपापेक्षा बियांपासून चांगला येतो, कारण त्याचे सोटमूळ पिशवीत वाकते. मे अखेरीस गावाबाहेरच्या पळसाखाली चपट्या, तपकिरी शेंगा पडलेल्या सापडतील. त्यांच्या टोकाला एकेकच बी असते. कीड न लागलेल्या दहा-बारा बिया वेचाव्यात, त्या फार दिवस साठवू नयेत, आणि पावसाला सुरुवात झाली की कायमच्या जागी दोन-दोन इंच खोल टोचाव्यात. त्यातल्या तीन उगवल्या तर एक सशक्त राखून बाकीच्या धुऱ्यावर वाढू द्याव्यात.